फुटबॉल विश्वचषक पात्रता स्पर्धा

विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात कोणते राष्ट्रीय संघ खेळावयाचे, हे ठरविण्यासाठी खंडनिहाय घेतल्या जाणाऱ्या प्राथमिक सामन्यांच्या मालिकेस पात्रता स्पर्धा असे म्हणतात. जागतिक फुटबॉल महासंघाचे (फीफा; स्थापना पॅरिस, १९०४) २११ सदस्य आहेत, तर पुरुषांच्या अंतिम टप्प्यात १९९८ ते २०२२ या काळात ३२ संघांनाच स्थान होते; २०२६ पासून ही संख्या ४८ करण्यात आली. त्यामुळे बहुसंख्य देशांच्या दृष्टीने पात्रता स्पर्धा हीच प्रत्यक्षातील विश्वचषक स्पर्धा ठरते.

पात्रतेचा इतिहास केवळ मैदानावरील जयपराजयांचा नाही. कोणत्या खंडास किती जागा द्यावयाच्या, प्रतिस्पर्धी खेळावयास आलाच नाही तर काय करावयाचे, संघ किती खेळाडूंचा असला म्हणजे तो उपस्थित मानावयाचा, या प्रश्नांची उत्तरे नियमपुस्तकाने दिलेली असतात आणि अनेकदा त्यांवरच निकाल अवलंबून राहिला आहे. भारताच्या वाट्यास आलेले दोन महत्त्वाचे प्रसंग याच प्रकारचे आहेत : १९५० मध्ये एकही सामना न खेळता भारत पात्र ठरला आणि २०२२ मध्ये महाराष्ट्रात भरलेल्या महिलांच्या स्पर्धेत एक सामना बरोबरीत सोडवूनही तो स्पर्धेबाहेर गेला.

आरंभ : पहिली विश्वचषक स्पर्धा १९३० मध्ये यूरग्वाय येथे झाली. तीस पात्रता सामने नव्हते. निमंत्रण स्वीकारून आलेले १३ संघ खेळले. यूरोपातून जहाजाने जाऊन येण्यास अनेक आठवडे लागत असल्याने तेथून चारच संघ गेले. इटलीतील १९३४ च्या स्पर्धेसाठी मात्र उपलब्ध १६ जागांपेक्षा बरेच अधिक देश पुढे आले आणि प्रथमच पात्रता सामने घेणे भाग पडले. या वेळी यजमान इटलीलाही सूट नव्हती. मिलान येथे ग्रीसचा ४–० असा पराभव करून त्या संघाला आपल्याच देशातील स्पर्धेत प्रवेश मिळवावा लागला. यजमान व गतविजेता यांना थेट प्रवेश देण्याची प्रथा १९३८ पासून सुरू झाली. त्यांपैकी गतविजेत्याची सवलत २००६ च्या स्पर्धेपासून काढून घेण्यात आली; यजमानाची अद्याप कायम आहे.

पुढे चाल व माघार : प्रतिस्पर्धी न आल्यास उपस्थित संघास पुढे चाल देणे, हा सर्वच खेळांतील जुना संकेत आहे. त्यामुळे आरंभीच्या काळात पात्रता स्पर्धेत काही विलक्षण निकाल लागले. १९३८ मध्ये जपानने माघार घेतल्याने डच ईस्ट इंडीज (सांप्रतचा इंडोनेशिया) हा अंतिम टप्प्यात खेळणारा पहिला आशियाई संघ ठरला. फ्रान्समध्ये हंगेरीकडून ०–६ असा पराभव झाल्यावर बाद पद्धतीनुसार त्याची स्पर्धा एका सामन्यातच संपली.

ब्राझीलमधील १९५० च्या स्पर्धेसाठी भारत, ब्रह्मदेश, फिलिपीन्स व इंडोनेशिया हे देश आशियाई गटात होते. भारताव्यतिरिक्त सर्वांनी माघार घेतली आणि भारतास जागा मिळाली. तथापि भारतीय संघ ब्राझीलला गेला नाही. अनवाणी खेळण्यास बंदी असल्यामुळे भारताने माघार घेतली, अशी आख्यायिका दीर्घकाळ प्रचलित आहे. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते, हे त्या आख्यायिकेचे मूळ होय. परंतु हे कारण अपुरे आहे. लांबचा सागरी प्रवास, सरावाचा अभाव, संघनिवडीतील मतभेद आणि ऑलिंपिक क्रीडासामन्यांच्या तुलनेत विश्वचषकास त्या काळी भारतात असलेले गौण स्थान, यांचा त्या निर्णयात मोठा वाटा होता. त्यावेळचे नामवंत खेळाडू शैलेन मन्ना यांनीही पुढे ऑलिंपिकचेच आकर्षण आपल्या पिढीला होते, असे सांगितले. भारताने पात्रता स्पर्धेतील पहिला सामना प्रत्यक्षात खेळला तो त्यानंतर ३५ वर्षांनी, १९८५ मध्ये. इंडोनेशिया, थायलंड व बांगला देश यांच्यासह असलेल्या गटात भारत इंडोनेशियाच्या मागे दुसरा राहिला.

सामना न खेळता मिळणाऱ्या प्रवेशाचा प्रश्न १९५८ च्या स्पर्धेच्या वेळी ऐरणीवर आला. आशिया–आफ्रिका विभागात तुर्कस्तान, इंडोनेशिया, ईजिप्त व सूदान यांनी वेगवेगळ्या कारणांनी माघार घेतल्याने केवळ इझ्राएल शिल्लक राहिला. यजमान व गतविजेता वगळता कोणताही संघ एकही सामना न खेळता पात्र ठरू नये, असे महासंघाने ठरविले होते. म्हणून इतर गटांत दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या संघांतून चिठ्ठ्या टाकून इझ्राएलचा प्रतिस्पर्धी निवडण्यात आला. ही संधी अखेर वेल्सला मिळाली. दोन्ही सामने २–० असे जिंकून एकदा बाद झालेला वेल्स स्वीडनला गेला आणि उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला. १९५० चा भारताचा प्रवेश हा नियम असता तर झालाच नसता.

पण या नियमानेही माघारीचा प्रश्न पूर्णतः सुटला नाही. चिलीतील लष्करी उठावानंतर सँटिआगोच्या राष्ट्रीय क्रीडागारात राजकीय कैद्यांना डांबण्यात आले होते. त्या मैदानावर खेळण्यास सोव्हिएट संघाने नकार दिला. २१ नोव्हेंबर १९७३ रोजी चिलीचे खेळाडू प्रतिस्पर्ध्याविना मैदानात उतरले, त्यांनी रिकाम्या गोलात चेंडू मारला आणि १९७४ च्या स्पर्धेतील जागा मिळविली.

जागांची वाटणी : पात्रता स्पर्धेतील सर्वांत कटू वाद जागांच्या वाटणीवरून झाले. १९६६ च्या स्पर्धेसाठी आफ्रिका, आशिया व ओशिॲनिया या तीन खंडांना मिळून एकच जागा देण्यात आली. नव्याने स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी राष्ट्रांनी घानाच्या पुढाकाराने हा अन्याय मानून सामूहिक बहिष्कार घातला. अखेरीस नॉम पेन्ह येथे ऑस्ट्रेलियाला दोन सामन्यांत ६–१ व ३–१ असे हरवून उत्तर कोरिया पात्र ठरला आणि इंग्लंडमध्ये त्याने इटलीचा १–० असा पराभव केला. बहिष्काराचा परिणाम झाला : १९७० पासून आफ्रिकेला एक स्वतंत्र जागा मिळाली आणि दुसरी आशिया–ओशिॲनियासाठी राखण्यात आली. पुढे अंतिम टप्प्यातील संघांची संख्या १९८२ मध्ये २४, १९९८ मध्ये ३२ व २०२६ साठी ४८ अशी वाढत गेली, ती मुख्यतः याच खंडांच्या मागणीमुळे. २०२६ साठी यूरोपला १६, आफ्रिकेला ९, आशियाला ८, दक्षिण अमेरिकेला ६, तीन यजमानांसह उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन विभागाला ६ व ओशिॲनियाला १ अशा ४६ जागा ठरविण्यात आल्या. उरलेल्या दोन जागांसाठी आंतरखंडीय सामन्यांची तरतूद करण्यात आली.

पद्धती : पात्रता सामने बाद पद्धतीने किंवा साखळी पद्धतीने घेतले जातात. दोन्हींत सामान्यतः एक सामना स्वतःच्या मैदानावर व परतीचा सामना प्रतिपक्षाच्या मैदानावर होतो, म्हणजे प्रेक्षक, हवामान व प्रवास यांचा लाभ-तोटा उभय पक्षी सारखा राहतो. साखळीत विजयास पूर्वी दोन गुण मिळत, आता तीन मिळतात. बरोबरीस एक गुण असतो. समान गुण झाल्यास गोलफरक वगैरे कसोट्या लावतात.

२०२६ साठी आशिया खंडात ४६ देशांनी भाग घेतला. मानांकनात खालच्या असलेल्या २० संघांत पहिली फेरी होऊन १० उरले. ते व वरचे २६ अशा ३६ संघांचे चारचारांचे नऊ गट पाडण्यात आले. प्रत्येक गटातील पहिले दोन, म्हणजे १८ संघ तिसऱ्या फेरीत गेले. तेथे सहासहांच्या तीन गटांतून सहा संघांना थेट प्रवेश होता आणि तिसऱ्या व चौथ्या क्रमांकाच्या संघांना पुढील फेऱ्यांत उरलेल्या जागांसाठी झगडावयाचे होते. उझबेकिस्तान व जॉर्डन हे देश या मार्गाने प्रथमच पात्र ठरले.

भारत दुसऱ्या फेरीत कतार, कुवेत व अफगाणिस्तान यांच्या गटात होता. कुवेतला त्याच्याच मैदानावर १–० असे हरवून त्याने चांगली सुरुवात केली. पण २६ मार्च २०२४ रोजी गुवाहाटी येथे अफगाणिस्तानकडून १–२ अशी हार पत्करली. ११ जून २०२४ रोजी दोहा येथे कतारविरुद्ध भारत १–० असा आघाडीवर असताना गोलरेषेबाहेर गेलेला चेंडू आत ओढून कतारने बरोबरीचा गोल केला. पंचांनी तो मान्य केला आणि भारत १–२ असा हरला. हा अन्याय खराच. परंतु गुवाहाटीतील पराभव टळला असता, तर दोहातील एका निर्णयावर सारे अवलंबून राहिले नसते. साखळी पद्धतीत अखेरच्या सामन्याइतकेच महत्त्व आधीच्या प्रत्येक सामन्याला असते.

महिलांची पात्रता स्पर्धा : महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९१ मध्ये चीनमध्ये झाली. आशियात पुरुषांप्रमाणे स्वतंत्र फेऱ्या न घेता महिलांची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा हीच पात्रतेची अखेरची पायरी मानण्यात येते. भारतीय महिलांचे आशियातील सर्वोत्तम यश यापूर्वीचे आहे : १९८० च्या आरंभी कालिकत येथे व १९८३ मध्ये बँकॉक येथे त्यांनी उपविजेतेपद मिळविले. त्यावेळी महिलांची विश्वचषक स्पर्धाच नसल्याने या यशाने पुढचे कोणतेही दार उघडले नाही. नंतर चीन, जपान व कोरिया यांनी प्रशिक्षणावर भर दिला आणि भारत मागे पडला. २००३ नंतर तर आशियाई स्पर्धेतही त्यास स्थान मिळेनासे झाले.

महाराष्ट्रातील स्पर्धा (२०२२) : २० जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२२ या काळात ही आशियाई स्पर्धा मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे भरली. महाराष्ट्राला या खेळाची जुनी परंपरा आहे. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषकाच्या स्पर्धा होऊ लागल्या. पुण्यात खडकीसारख्या लष्करी छावण्यांनी या खेळाचे पोषण केले आणि खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तो छात्रांच्या नित्य क्रीडाभ्यासात समाविष्ट आहे. पुण्यातील सामने बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात झाले.

या स्पर्धेत प्रथमच आठांऐवजी १२ संघ होते. तीन गटांतील पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकांपैकी दोन सरस, असे आठ संघ उपान्त्यपूर्व फेरीत जावयाचे होते. २०२३ च्या विश्वचषकाचा सहयजमान म्हणून ऑस्ट्रेलियाला आधीच प्रवेश मिळाला होता. त्याखेरीज आशियाला पाच थेट जागा व आंतरखंडीय सामन्यांतील दोन जागा होत्या. ऑस्ट्रेलियाही शेवटच्या आठांत पोहोचल्याने हिशेब सोपा झाला : उर्वरित सातांपैकी पाचांना विश्वचषक आणि दोघांना आणखी एक संधी. उपान्त्यपूर्व फेरी गाठणाऱ्या कोणत्याही संघाची वाटचाल तेथेच संपणार नव्हती. भारताच्या गटसामन्यांचे मोल यावरून लक्षात येते.

यजमान भारताचा समावेश चीन, चिनी तैपेई (तैवान) व इराण यांच्या गटात होता. आशालता देवी ही कर्णधार व स्वीडनचे टॉमस डेनर्बी हे प्रशिक्षक होते. २० जानेवारी रोजी नवी मुंबईतील डी. वाय. पाटील क्रीडागारात इराणविरुद्धचा पहिला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. चिनी तैपेईविरुद्धचा दुसरा सामना २३ जानेवारीला होता. तोपर्यंत भारतीय संघातील अनेक खेळाडूंना कोविड–१९ ची बाधा झाल्याचे चाचण्यांत आढळले. संघ २३ खेळाडूंचा होता. महासाथीच्या काळासाठी आशियाई महासंघाने केलेल्या विशेष नियमांप्रमाणे त्यांतील किमान १३ खेळाडू, एका गोलरक्षकासह, उपलब्ध असणे आवश्यक होते. भारत ही संख्या पूर्ण करू शकला नाही. सामना पुढे ढकलण्यात आला नाही. नियमानुसार भारताने स्पर्धेतून माघार घेतल्याचे मानण्यात आले आणि इराणबरोबरची बरोबरीही रद्दबातल ठरली. गुणतक्त्यात भारताच्या नावावर काहीच उरले नाही.

या निर्णयाचा परिणाम इतर गटांवरही झाला. भारताच्या गटात तीनच संघ राहिल्याने तिसऱ्या क्रमांकांची तुलना विषम झाली असती. म्हणून अन्य दोन गटांतील तिसऱ्या संघांचे, त्यांच्या गटातील अखेरच्या संघाविरुद्धचे निकाल तुलनेतून वगळण्यात आले. इराण दोन्ही सामने हरला व बाहेर पडला. थायलंड व व्हिएटनाम पुढे गेले. व्हिएटनामच्या संघातही स्पेनमधील सराव शिबिरात संसर्ग पसरला होता व त्याचे काही खेळाडू उशिरा भारतात पोहोचले. परंतु तो संघ किमान संख्या राखू शकला. पुढे थायलंड व चिनी तैपेई यांना हरवून त्याने पाचवी थेट जागा मिळविली. दोन संघांचे भवितव्य येथे मुख्यतः कौशल्याने नव्हे, तर आजार कोणत्या दिवशी किती जणांपर्यंत पोहोचला, यावरून वेगळे झाले.

बालेवाडी येथील ३० जानेवारी २०२२ चा दिवस या स्पर्धेत विशेष संस्मरणीय ठरला. दक्षिण कोरियाने ऑस्ट्रेलियाला १–० असे अनपेक्षितपणे हरविले. दुसऱ्या सामन्यात, भारताशी खेळणे राहून गेलेल्या चिनी तैपेईची गाठ फिलिपीन्सशी पडली. जादा वेळेनंतरही १–१ अशी बरोबरी राहिल्याने पेनल्टी फटक्यांवर निर्णय घेण्यात आला. फिलिपीन्सची गोलरक्षक ऑलिव्हिया मॅक्डॅनिएल हिने प्रतिस्पर्ध्यांचे फटके अडविले, स्वतःही एक गोल केला आणि सरीना बोल्डेन हिच्या अखेरच्या फटक्याने तिचा संघ ४–३ असा विजयी झाला. पुरुषांच्या वा महिलांच्या ज्येष्ठ विश्वचषक स्पर्धेत फिलिपीन्सला मिळालेला हा पहिलाच प्रवेश होता. ज्या देशाच्या माघारीमुळे १९५० मध्ये भारताचा मार्ग मोकळा झाला, त्यांपैकीच एक देश भारताच्या भूमीवर, यजमान अनुपस्थित असताना पात्र ठरला. २५ जुलै २०२३ रोजी वेलिंग्टन येथे सहयजमान न्यूझीलंडला १–० असे हरवून त्याने विश्वचषकातील पहिला विजयही मिळविला. तो गोल बोल्डेनचाच होता.

स्पर्धेचा अंतिम सामना ६ फेब्रुवारीस नवी मुंबईत झाला. मध्यंतरास ०–२ असा मागे असलेला चीन दक्षिण कोरियाविरुद्ध ३–२ असा विजयी झाला. चीन, दक्षिण कोरिया, जपान, फिलिपीन्स व व्हिएटनाम या पाच देशांनी विश्वचषकाचा प्रवेश महाराष्ट्रातून नेला.

मूल्यमापन : २०२२ च्या निर्णयावर भारतात स्वाभाविकच टीका झाली. किमान संख्येचा नियम सर्वांना आधीपासून ज्ञात होता व तो सर्वांना सारखाच लागू होता, ही त्याची जमेची बाजू. परंतु तो करताना साथीत एखादा संघ आपल्या इच्छेविरुद्ध अनुपस्थित राहील, ही शक्यता आणि स्वेच्छेने घेतलेली माघार यांत भेद केलेला नव्हता. १९५० मध्ये भारत न जाण्याचा निर्णय स्वतः घेऊ शकला. २०२२ मध्ये खेळू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या संघासही ‘माघार’ हाच शब्द लावण्यात आला. खेळाच्या नियमांना निश्चितता लागते आणि वेळापत्रकही पाळावे लागते, हे मान्य केले तरी ही उणीव नाकारता येत नाही.

फिलिपीन्सच्या यशातून दुसरा एक मुद्दा पुढे येतो. त्या संघातील अनेक खेळाडू अमेरिकेत वाढलेल्या, फिलिपिनो वंशाच्या आहेत. भारतीय कायद्यात दुहेरी नागरिकत्वाची तरतूद नाही आणि राष्ट्रीय संघात भारतीय पारपत्र असलेल्यांनाच घेतले जाते. त्यामुळे हा मार्ग भारताला सहजी उपलब्ध नाही. त्यास देशातील स्पर्धांमधून, शाळा-महाविद्यालयांतून व क्लबांतूनच खेळाडू घडवावे लागतात.

यजमानपदामुळे मिळणारा प्रवेश हा उसना असतो, हेही २०२२ ने दाखविले. तो एकदा हातचा गेला की पुन्हा मागता येत नाही. भारतीय महिलांनी पुढील प्रवेश मात्र मैदानावर मिळविला. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चिआंग माई येथे संगीता बासफोर हिच्या दोन गोलांच्या बळावर यजमान थायलंडला २–१ असे हरवून भारत २०२६ च्या ऑस्ट्रेलियातील आशियाई स्पर्धेस पात्र ठरला. पात्रता सामने खेळून या स्पर्धेत स्थान मिळविण्याची भारताची ही पहिलीच वेळ होती. त्याच वर्षी, १४ ऑक्टोबर रोजी, गोव्यातील फातोर्डा क्रीडागारात पुरुषांचा संघ सिंगापूरकडून १–२ असा हरला आणि २०२७ च्या आशियाई स्पर्धेचे दार त्याला बंद झाले. या दोन्ही निकालांना पुढे चाल, सोडत किंवा किमान संख्या यांपैकी कोणतेही कारण नव्हते. ते नव्वद मिनिटांच्या खेळाने लागले.